टिनाची ओसरी आणि स्लॅबची भिंत, मधला सांधा गळतो. पट्टी कशी मारावी?

पांदणवाट | १७ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी घाटंजी तालुक्यातला. घरकुलात दोन खोल्या झाल्या, वर स्लॅब. २५ चौरस मीटरमध्ये माणसं मावतात, कापूस मावत नाही. म्हणून समोरच्या भिंतीला लावून टिनाची ओसरी काढली. भिंतीपासून पुढं १२ फूट, लांबी २४ फूट. उतार अंगणाकडं.

टिन भिंतीला जिथं टेकतं तिथं मिस्त्रीनं सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यात तिरका भराव, मारून दिला. पहिला पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्या वर्षी झडीत भिंतीवरून ओघळ आले. तेव्हापासून दरवर्षी मृगाआधी मी जुना वाटा फोडतो, नवा मारतो, वरून डांबर ओततो. दिवाळीपर्यंत पुन्हा बोट जाईल एवढी फट.

परवा अवकाळी आला. अर्धाच तास, पण वारा असा की पाऊस आडवा. भाव चढेल म्हणून राखलेला कापूस नेमका त्याच भिंतीला लावून होता. वरचा थर ओला होऊन पिवळा पडला. आईनं रात्री घरातले सगळे गंज (पातेली), बादल्या ओळीनं मांडल्या, अन् मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हार्डवेअरवाला म्हणतो सिलिकॉन मार. मिस्त्री म्हणतो यंदा वाट्यात केमिकल टाकू. मेव्हणा म्हणतो टिनच बदल. तिघांचंही ऐकायचं नाही असं ठरवून इथं विचारतो. मृगाला तीन आठवडे आहेत.

---

वऱ्हाडी_बुढा | १७ मे, रात्री ९:३२

अरे बाप्पा, टिनाचं आन् सिमेंटाचं लगन कोनं लावलं? थे नांदत नाय. टिन दुपारी फुगते, राती आखडते. सिमेंट जागचं हालत नाय. मंग फारकत होनारच ना राजा.

आमच्याकडं पहिले कवेलूच (कौलं) होते, भिंत मातीची. गळे, पन दरसाल फेरलं का झालं. आता टिनं आले आन् फेरनं गेलं. गळनं काही गेलं नाय.

---

निवृत्त_उपअभियंता | १७ मे, रात्री १०:१५

बुवांनी दोन ओळीत सांगितलं ते मी आकड्यात सांगतो, कारण आकडा पाहिल्याशिवाय मिस्त्री ऐकत नाहीत.

पोलादी पत्रा दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतो. तुमचा पत्रा १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे पत्रा २५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी उन्हात सहज ७० ला जातो. हवा ४५ असली तरी पत्रा त्याहून कितीतरी तापतो, हात ठेवून पाहू नका. ४५ अंशांच्या फरकाला पत्रा सुमारे २ मिलिमीटर सरकतो. रोज जातो, रोज परत येतो. वाट्याच्या सिमेंटला ताण सोसत नाही, अर्धा मिलिमीटर ओढलं तरी केसासारखी भेग पडते. पहिला पावसाळा कोरडा गेला कारण तोवर वाट्यानं एकही उन्हाळा पाहिला नव्हता.

वाट्यात केमिकल टाकून सिमेंटमधून पाणी झिरपणं कमी होईल. पण तुमचं पाणी सिमेंटमधून येतच नाही, फटीतून येतं. आणखी एक. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, जस्ताचा थर खातं. दरवर्षी नवा वाटा म्हणजे पत्र्याच्या त्याच कडेला दरवर्षी नवा डोस. वाटा फोडाल तेव्हा त्याखाली पत्रा कसा आहे तेवढं पाहा.

सारांश एवढाच की पत्रा आणि भिंत एकमेकांना बांधायची नाहीत. एकावर एक पदर टाकायचा, पाणी वरच्या पदरावरून खालच्या पदरावर जाईल असा. त्यालाच फ्लॅशिंग म्हणतात. आपले फॅब्रिकेटर पट्टी म्हणतात, तेच बरं.

---

पांदणवाट | १८ मे, सकाळी ७:०५

साहेब, सकाळीच चढून वाटा फोडून पाहिला. पत्र्याची कड चाळणीसारखी झाली आहे, चार-पाच बोटं रुंद. बाकी पत्रा चांगला आहे. म्हणजे पाच वर्षं मी स्वतःच्या हातानं टिन सडवत होतो.

---

कापूसकोंडा | १८ मे, सकाळी ९:४०

एवढी भानगड कशाला? सरळ एल पट्टी घ्या, एक बाजू भिंतीला खिळे ठोकून, दुसरी पत्र्यावर मोकळी सोडा. आमच्या गोठ्याला तसंच आहे. २०० रुपयांचं सिलिकॉन वरून. खल्लास.

---

शटर_वेल्डिंग_दारव्हा | १८ मे, दुपारी १:२०

कापूसकोंडा भाऊ, गोठ्याला चालते, घराला नाही चालत. राग नको. २० वर्षांपासून हेच काम करून राहिलो, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, मोकळी सोडलेली पट्टी. पाऊस सरळ पडला तर एक थेंब येणार नाही. पण मेच्या वावटळीत वारा खालून घुसते, पट्टी झडपेसारखी फडफडते, दोन वर्षांत वाकून उभी होते. अन् वांदरं असतील तर दोन महिने पण नाही टिकत. भिंतीवरून टिनावर उडी मारते ते बरोबर पट्टीवरच पाय देते.

दुसरी, पट्टी पत्र्याला पण पक्की केली अन् भिंतीला पण पक्की केली, तर साहेब म्हणाले ते २ मिलिमीटर खिळे उपटते. मग लोक म्हणतात पट्टी मारली तरी गळते.

म्हणून आम्ही दोन पट्ट्या मारतो.

खालची पट्टी पत्र्याला. ६ इंच पत्र्यावर आडवी, ६ इंच भिंतीला लागून उभी. पत्र्यावर स्क्रूनं पक्की करायची, भिंतीला एकही खिळा नाही. ती पत्र्यासोबत सरकते.

वरची पट्टी भिंतीला. भिंतीत कटर मशीननं एक इंच खोल खाच मारायची, आत जाताना थोडी वर चढती. पट्टीची वरची कड वाकवून त्या खाचेत. मग खाली उतरून खालच्या पट्टीच्या उभ्या भागावर कमीत कमी ३-४ इंच झाकण. ही फक्त भिंतीला पक्की.

दोघी एकमेकींवर घसरतात, कुठं ताण नाही. वारा पण उचलत नाही, कारण खालची स्क्रूनं धरलेली आहे अन् वरची उभी आहे.

२४ फुटाची अखंड पट्टी मागू नका, ती पण लांबीत वाढते. ८-८ फुटाचे चार तुकडे, जोडाला ६ इंच एकावर एक, मध्ये चिकट टेप. तीन पुरत नाहीत, जोडातच एक फूट जाते; चौथा लागेल तेवढा कापा. जोडाला वेल्डिंग करायचं नाही. वेल्डिंगनं जस्त जळते अन् तिथूनच गंज सुरू होते. मी वेल्डिंगवाला असून सांगतो.

---

निवृत्त_उपअभियंता | १८ मे, दुपारी २:४५

दारव्हाकर, पूर्ण सहमत. एक जोड: वरच्या पट्टीची खालची कड खालच्या पट्टीला चिकटून ठेवू नका, शेवटचा अर्धा इंच किंचित बाहेर वाकवा. दोन पत्रे घट्ट चिकटले की मधून पाणी वर ओढलं जातं, कंदिलाची वात तेल ओढते तसं. खालची कड बाहेर असली की थेंब तिथून सुटतो.

---

मूलची_माहेरवाशीण | १८ मे, दुपारी ४:१०

माहेरी अजून कवेलू आहेत. तिथं एक बाजूची भिंत उंच, म्हणजे कवेलूचा उतार भिंतीच्या कडेकडेनं खाली जातो. गळतं तिथंच. यांच्या ओसरीसारखं वरच्या टोकाला नाही, बाजूला. तिथं पण हीच पट्टी का?

---

शटर_वेल्डिंग_दारव्हा | १८ मे, सायंकाळी ६:००

ताई, ते वेगळं. बाजूच्या भिंतीला कवेलूच्या वरून पट्टी टाकली तर कवेलू फेरताना दरवेळी काढावी लागते. तिथं कवेलूच्या खाली पन्हाळी टाकतात. पत्र्याची नाली, एक कड भिंतीवर चढलेली, दुसरी कड वाकवून उभी, वरून कवेलूची शेवटची ओळ त्यावर येते. भिंतीचं पाणी पन्हाळीत पडते अन् वळचणीला बाहेर. भिंतीवर चढलेल्या कडेला वरून झाकणपट्टी तशीच, खाचेत. पन्हाळीत पाला साचतो, तो पावसाआधी काढला नाही तर ती काही कामाची नाही.

---

हिवाळी_दव | १८ मे, रात्री ८:२५

विषयाला सोडून एक. आमच्याकडं डिसेंबरात टिनाखाली थेंब पडायचे, गळतं म्हणून बाबांनी अख्खं टिन डांबरानं काळं केलं. नंतर समजलं, आकाश निरभ्र आहे अन् थेंब पडतात. रात्री टिन थंड होते, घरातली वाफ त्याला लागून पाणी होते. टिनाला घाम येतो तो.

---

पांदणवाट | १८ मे, रात्री ९:००

दारव्हाकर भाऊ, वाचूनच अर्धं घर कोरडं झाल्यासारखं वाटलं. प्रश्न आहेत.

१. पत्रा नालीदार आहे. त्यावर सपाट पट्टी टेकली की नाळीच्या जागी खाली भोकं राहतात. परवासारखा आडवा पाऊस तिथून आत जाईल ना?
२. कड सडली आहे त्याचं काय?
३. सिलिकॉन कोणतं?

---

शटर_वेल्डिंग_दारव्हा | १८ मे, रात्री १०:१०

१. बरोबर पकडलं. पाऊस सहसा तिथूनच घुसते अन् लोक स्क्रूला शिव्या देतात. दोन उपाय. पत्र्याच्या नाळीच्या आकाराच्या फोमच्या पट्ट्या मिळतात, त्या पट्टीखाली बसवा. दुसरा फुकटचा: पत्र्याच्या वरच्या टोकाला प्रत्येक नाळीचं तोंड पकडीनं धरून वर वाकवा, इंचभर. पाणी मागं ढकललं गेलं तरी त्या ओठाला अडते. मी दोन्ही करतो. पत्रा जुना असेल तर हळू, चिरतो.

२. सडलेली कड कापून टाका. ओसरीचा पत्रा चार बोटं खाली राहील, पण त्यासाठीच खालची पट्टी ६ ऐवजी १० इंच आडवी घ्या. पट्टी पत्र्यावर चांगलं ६ इंच आली पाहिजे. वरच्या पर्लिनपर्यंत (पत्रा ज्यावर टेकतो तो आडवा पाइप) पत्रा पोचतो का ते पाहा, नाहीतर पत्रे थोडे वर सरकवावे लागतील.

स्क्रू पत्र्याच्या उंच भागावर मारा, नाळीत नाही. पाणी नाळीतून वाहते. वायसर रबरी, अन् इतकंच आवळा की रबर थोडं फुगेल. लोक रबर बाहेर येईपर्यंत आवळतात, मग ते उन्हात फाटते.

३. साहेब सांगतील.

---

निवृत्त_उपअभियंता | १९ मे, सकाळी ८:३०

ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन घेऊ नका. ते काचेला, टाइल्सला ठीक. त्यातून सुटणारं आम्ल जस्ताच्या थराला गंजवतं आणि सिमेंट प्लास्टरला ते नीट धरत नाही. न्यूट्रल (तसा आंबट वास नसलेलं) सिलिकॉन किंवा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट घ्या. खाचेसाठी पीयू बरं, त्यावर रंगही बसतो.

खाचेतली धूळ ब्रशनं काढा, ओली असेल तर थांबा. धुळीवर मारलेलं सीलंट धुळीला चिकटतं, भिंतीला नाही. जोडांसाठी ब्यूटाइल रबराची टेप वापरा. डांबराची टेप आपल्या उन्हात वितळून ओघळते.

आणि मुख्य गोष्ट. सीलंट हा दुसरा पहारेकरी. त्यावर भरोसा ठेवून पट्टी चुकीची मारली तर पाचेक वर्षांनी पुन्हा इथंच भेटू. पट्टीचा आकार असा हवा की सीलंट नसतं तरी पाणी बाहेरच गेलं असतं.

कटर चालवण्याआधी भिंतीत वायरिंगचा पाइप कुठून गेला ते पाहा. काम सकाळी ६ ते ९. पत्र्यावर चालताना स्क्रूच्या रेषेवरूनच चाला, खाली पर्लिन असतो. खांबावरून घरात येणारी वायर ओसरीच्या डोक्यावरून जात असेल तर लाईनमनला बोलावून पुरवठा बंद करून घ्या. हातात ८ फुटांचा पत्रा घेऊन वळताना माणूस वर पाहत नाही.

---

कापूसकोंडा | १९ मे, सकाळी ९:१५

बरं बाबा, गोठ्याचा सल्ला मागे घेतो. पण पट्टी मारायच्या आधी गळतं कुठून ते तरी नक्की करा ना. आमच्या मावशीकडं पट्टीच्या नावानं दोनदा खर्च केला, पाणी स्लॅबच्या पॅरापेटमधून, म्हणजे वरच्या कठड्यातून येत होतं.

---

निवृत्त_उपअभियंता | १९ मे, सकाळी ९:५०

हा या धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद. हे माझ्याकडून राहून गेलं होतं.

पाइप लावून पाणी सोडा, पण खालून वर. आधी फक्त पत्र्यावर, १५ मिनिटं. घरात एक माणूस टॉर्च घेऊन. काही नाही आलं तर सांध्यावर १५ मिनिटं. मग सांध्याच्या वरच्या भिंतीवर, मग पॅरापेटच्या माथ्यावर. सगळीकडं एकदम पाणी मारलं तर काही कळत नाही.

---

पांदणवाट | २१ मे, रात्री ८:४०

केली तपासणी. पाण्याचा टँकर विकत घेऊन स्वतःचं घर गळवतो म्हटल्यावर गावातली दहा-बारा माणसं पाहायला जमली होती, मे महिन्यात पाणी सांडणारा हा कोण म्हणून.

पत्र्यावर: काही नाही. फक्त एका जुन्या जे हूकपाशी (पत्रा पाइपाला धरणारा वाकडा बोल्ट) दोन थेंब.
सांध्यावर: चौथ्या मिनिटाला आत धार.
सांधा प्लास्टिकनं झाकून वरच्या भिंतीवर: काही नाही.
पॅरापेटच्या माथ्यावर: वीस मिनिटांनी भिंतीवर ओल उमटली. हळूहळू, पण आली.

म्हणजे दोन ठिकाणं. कापूसकोंडा भाऊ, तुमच्या मावशीला माझा नमस्कार.

---

निवृत्त_उपअभियंता | २१ मे, रात्री ९:२०

पॅरापेटच्या माथ्याला उतार नसेल, प्लास्टरला भेगा असतील. पाणी विटांत उतरतं आणि पट्टीच्या खाचेच्या मागून खाली येतं. पट्टी कितीही चांगली असली तरी तिच्या मागून आलेलं पाणी ती थांबवू शकत नाही. माथ्याचं प्लास्टर भेगेपुरतं फोडून, स्लॅबच्या बाजूला उतार देऊन पुन्हा करा, सात दिवस पाणी मारा, वाळल्यावर जलरोधक लेप. हे काम आधी, पट्टी नंतर.

---

वऱ्हाडी_बुढा | २१ मे, रात्री ९:४४

टिनावर गोटे, टायर ठेवले असन तं थे बी काढजो पहिले. गोट्याखाली पानी साचते, टिन तितूनच सडते. वाऱ्यानं उडू नये म्हून ठेवतेत, आन् दोन सालानं गोटाच घरात पडते.

---

पांदणवाट | २१ मे, रात्री १०:०२

बुवा, तुम्हाला कसं कळलं? सहा टायर आहेत.

---

पांदणवाट | ४ जून, रात्री ९:३०

काम झालं. लिहून ठेवतो, कोणाला उपयोग होईल.

पट्ट्या यवतमाळच्या एका बेंडिंग मशीनवर वाकवून आणल्या, ०.५ मिलिमीटरचा जस्ती पत्रा. मी कागदावर आकार काढून दिला तर तो म्हणाला अशी पट्टी इकडं कोणी मागत नाही, सगळे साधी एल नेतात. वरच्या पट्टीची बाहेर वाकवलेली कड त्यानं दोनदा चुकवली.

खाच मारायला सगळ्यात जास्त वेळ गेला. भिंत विटांची, पण प्लास्टर कुठं पाऊण इंच, कुठं दीड. जिथं दीड इंच तिथं खाच नुसत्या प्लास्टरमध्ये आली असती, म्हणून तिथं विटेत जाईपर्यंत खोल केली. दोन दिवस नाकातोंडात लाल धूळ. बायकोनं मास्क म्हणून ओढणी बांधून दिली, ती आता परत मागत नाही.

नाळींची तोंडं पकडीनं वाकवताना दोन चिरली. तिथं आतून पत्र्याचा तुकडा लावून टेप मारली.

दोन्ही टोकांना, म्हणजे जिथं भिंत संपते तिथं, पट्टी कशी संपवायची हे इथं कोणी लिहिलं नव्हतं. दारव्हाकर भाऊंना फोटो पाठवला. त्यांनी सांगितलं भिंतीच्या पुढं ४ इंच काढा अन् टोक वर दुमडा, नाहीतर पट्टीखालचं पाणी टोकातून मागं वळून भिंतीवर येतं. तसं केलं.

टायर काढले. त्यांच्याखाली टिन खरंच तांबूस झालं होतं. ब्रशनं घासून प्राइमर मारला. टायरऐवजी आता पुढच्या कडेला दोन जास्तीच्या ओळी स्क्रू मारले आहेत.

---

कापूसकोंडा | ५ जून, सकाळी ७:५०

+१. पावसानंतर लिहा. कोरड्या दिवसात सगळीच कामं चांगली दिसतात.

---

पांदणवाट | १९ जुलै, सायंकाळी ६:१५

लिहितो. मृग कोरडा गेला, आर्द्रात पेरण्या उरकल्या. आठ दिवसांपासून झड आहे. दिवसरात्र. मधून एकदा रात्री वारा फिरून पाऊस थेट ओसरीच्या समोरून आला, बरोबर मे महिन्यासारखा. मी टॉर्च घेऊन भिंतीपाशी बसून होतो. आई म्हणाली, झोप आता, काय पाहून राहिलास. भिंतीला हात लावला तर कोरडी. पॅरापेटच्या खाली एका कोपऱ्यात थोडी ओल वाटते, पण ती जुनीच आहे की नवी ते कळेना. खडूनं तिच्या कडेनं रेघ ओढून ठेवली, बाहेर पसरते का पाहायला. चार दिवस रेघेच्या आतच आहे.

---

निवृत्त_उपअभियंता | १९ जुलै, सायंकाळी ७:००

खडूची रेघ आवडली. भिंतीत मुरलेलं पाणी वाळायला एक हिवाळा लागतो. रेघेच्या आत आहे तोवर हात लावू नका.

---

मूलची_माहेरवाशीण | १९ जुलै, रात्री ८:३०

आम्ही पण पन्हाळी टाकली. चालते. पण वांदरांनी दुसऱ्याच दिवशी वरचे तीन कवेलू फोडले.

---

शटर_वेल्डिंग_दारव्हा | १९ जुलै, रात्री ९:०५

पांदणवाट भाऊ, त्या जुन्या जे हूकचं काय केलं? तपासणीत दोन थेंब आले होते म्हणून लिहिलं होतं तुम्ही.

---

पांदणवाट | १९ जुलै, रात्री ९:२०

ते राहूनच गेलं. तिथं अजून थेंब पडतो, मिनिटाला एक. खाली एक गंज ठेवला आहे. उघाड पडली की चढतो.